दवाखान्यातला रोबोट माणसाचं पूर्ण ऐकून घेत नसेल तर: माझा अनुभव

तालुक्याच्या गावी एका ट्रस्टच्या दवाखान्यात चौकशी खिडकीशेजारी माणसासारखा दिसणारा रोबोट बसवायचं काम माझ्याकडे होतं. उंची चार फुटांच्या आसपास, खाली चाकं, छातीवर स्क्रीन, डोक्यात चार माईक. खोकं फोडणं, नकाशा, वायफाय, स्क्रीनवरची बटणं, सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते एका आकड्याबद्दल, आणि तो बदलून घेताना कंपनीच्या सपोर्टवाल्यांनी जे दळण दळायला लावलं त्याबद्दल.

आकडा होता 700 मिलिसेकंद. समोरचा एवढा वेळ गप्प राहिला की त्याचं बोलणं संपलं, असं यंत्र धरून चालतं. माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी 200 मिलिसेकंदच जातात, म्हणून 700 म्हणजे भरपूर, असा कंपनीचा हिशेब. पण पुढच्याचं वाक्य कुठे संपणार हे माणूस आधीच ताडतो. यंत्र फक्त शांतता मोजतं.

आता आपल्या वऱ्हाडी बोलणाऱ्या भागातला पेशंट खिडकीशी कसा बोलतो? "आमच्या सासूले... दाखवाचं हाय जी... ते डोयाचे डाक्टर... कुठी बसते?" प्रत्येक थांब्याला सेकंद-सव्वा सेकंद सहज जातो. रोबोट "सासूले"वरच झडप घालायचा आणि म्हणायचा, "माफ करा, मला समजलं नाही."

खरा घोटाळा त्याच्या पुढे आहे. बरेच रोबोट स्वतः बोलत असताना माईक बंद ठेवतात, नाहीतर स्वतःचाच आवाज ऐकून स्वतःलाच उत्तर देतील. रोबोट "माफ करा" म्हणत असतानाच माणूस पुन्हा बोलायला लागतो. त्याचे पहिले दोन-तीन शब्द बंद माईकवर जातात, उरलेलं अर्धवट वाक्य यंत्राला कळत नाही, पुन्हा "माफ करा". दोन फेऱ्यांत माणूस खिडकीकडे वळतो आणि रोबोट शोभेचा राहतो. बाहेरून बघणारा म्हणतो, याला वऱ्हाडी समजत नाही. वऱ्हाडीचा प्रश्न आहेच, पण तो दुसरा. आधी वाक्य पूर्ण पोचलं तर पाहिजे!

हा आकडा आपल्या मेनूत नव्हता, सर्व्हिस मेनूत होता, त्याचा पासवर्ड फक्त कंपनीकडे. तक्रार टाकली की उत्तर यायचं: लॉग, म्हणजे यंत्राने आपोआप ठेवलेली नोंद, पाठवा. लॉग पाठवला की: वायफायचा वेग सांगा. तो सांगितला की: सॉफ्टवेअर अपडेट करा. मग प्रतिसाद मिळाला नाही म्हणून तक्रार आपोआप बंद, नवीन नंबर, पुन्हा लॉगपासून सुरुवात. वायफायचा याच्याशी काडीचा संबंध नाही. वेग कमी असेल तर उत्तर उशिरा येईल, माणसाचं वाक्य मधेच तुटणार नाही. हे कितीही लिहा, पलीकडचा माणूस त्याच्या पुढ्यातला कागदच वाचणार. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

हललं ते शब्दांनी नाही, आवाजाच्या नमुन्यांनी. मोबाईल रोबोटच्या कानाशी ठेवून रेकॉर्डिंग करायचं, ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचं आणि थांबा कुठून कुठे आहे त्यावर खूण करून मिलिसेकंद लिहायचे. वीसेक नमुने पुरतात. त्यातच रोबोट कोणत्या क्षणी बोलायला लागला तेही दाखवायचं. अशी फाईल गेली की ती खालच्या टेबलावर अडत नाही, इंजिनिअरकडे जाते. नमुने मात्र कर्मचाऱ्यांच्या आवाजात घ्या, पेशंटच्या नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीचा विषय आहे, आणि दवाखान्यात माणूस काय आजार सांगेल याचा नेम नाही.

मेनू उघडल्यावर 700 चे 1500 केले. ज्यांच्या यंत्रात बोलता बोलता मजकूर उतरतो, त्यांनी दोन आकडे ठेवावेत. "कुठी हाय", "किती वाजता" असा प्रश्न पुरा झाला तर 600, आणि शेवटचा शब्द "आमच्या", "ते", "अन्" किंवा "-ले" लागलेला असेल तर 2000. नुसतं वाढवून भागत नाही, कारण दीड सेकंद पुतळ्यासारखं उभं राहिलं की लोकांना वाटतं बंद पडला. म्हणून माणूस थांबल्यापासून अर्ध्या सेकंदाला कानाजवळचा दिवा उजळायचा आणि मान हलकी डोलवायची. "हं" म्हणायला लावू नका. "हं" म्हणताना माईक बंद होतो आणि पुन्हा तेच रडगाणं. मान सावकाश डोलली पाहिजे. वेग जास्त असला तर मानेच्या मोटारीची घरघर माईकला माणसाचा आवाज वाटते आणि शांततेचं घड्याळ पुन्हा शून्यावर जातं.

कूलरचंही तेच. हवेचा झोत डोक्यावर आला की यंत्राला शांतता कधी सापडतच नाही, आणि ते ऐकतच बसतं. रोबोट झोताबाहेर घ्या, माईकवर स्पंज लावा, आणि एका वेळी जास्तीत जास्त बारा सेकंद ऐकायचं अशी मर्यादा ठेवा.

आता वऱ्हाडी. "डोयाचे" हे "डोक्याचे" म्हणून उतरतं आणि डोळ्यांचा पेशंट भलत्याच खोलीत जातो. बोलणं मजकुरात उतरवणारी तयार मराठी मॉडेल प्रमाण बोलीवर पोसलेली असतात, त्यामुळे शब्दांची यादी हाताने द्यावी लागते: डोये, गोया, रगत, काहून, कुठी, मले. संशय असेल तर रोबोटने "डोळ्यांचे डॉक्टर का?" असं विचारून स्क्रीनवर डोळ्याचं चित्र दाखवावं. रोबोटने स्वतः मात्र साधी मराठीच बोलावी. त्याच्या तोंडून वऱ्हाडी आली की लोकांना नक्कल केल्यासारखी वाटते. चेहऱ्यावरून वय ओळखून "आजी" म्हणायची सोय असते, ती पहिल्या दिवशी बंद करा. चाळिशीतल्या बाईला आजी म्हटल्यावर पुढे काही ऐकू येत नाही. "नमस्कार, कुठे जायचं आहे?" एवढं पुरे.

हे आधीच सांगायला हवं होतं: खरेदीच्या कागदातच लिहून घ्या की शांततेची वेळ, माईक बंद ठेवण्याची पद्धत आणि ऐकण्याची मर्यादा बदलायचा अधिकार आपल्याकडे राहील. नंतर मागाल तर मिनतवाऱ्या कराव्या लागतात.

उन्हाळ्यात आणखी एक. निम्मे लोक तोंडाला दुपट्टा बांधून येतात, मग चेहरा सापडत नाही आणि रोबोट जागाच होत नाही. चेहऱ्याऐवजी समोरची वस्तू किती लांब आहे ते मोजणाऱ्या (डेप्थ) कॅमेऱ्याने पूर्ण माणूस ओळखायचं ठेवा, अंतर दीड मीटर. कोणी फार जवळ आलं की मागे सरकायची सवय असेल तर चाकं लॉक करा. मागे सरकणारा रोबोट म्हाताऱ्या माणसांना अपमान वाटतो, आणि रांगेत तर सगळे जवळच उभे असतात. बॅटरी रात्री चार्ज करा. लिथियम बॅटरीला 45 अंशांच्या वर चार्जिंग चालत नाही, आणि मे महिन्यात पत्र्याच्या व्हरांड्यात दुपारी तेवढं सहज होतं.