माका नाका नाका

आठवी 'ब'ची मागची बाकं आमची जहागीर होती. मार्चातली दुपार, मराठीचा तास, आणि मी तोंडातल्या तोंडात 'ईना मीना डीका' म्हणत होतो. शेजाऱ्याने कोपर मारलं, "काहून गाऊन राह्यला बे? बाई पाहून राह्यल्या!" बाईंनी पाहिलं होतंच. पण छडी नाही, अंगठे धरणं नाही. त्यांनी खडू पुढे केला. "लिही फळ्यावर. आणि कर वाक्यपृथक्करण."

सगळे पोट्टे खूश. ईना, मीना, डीका या तिघी बहिणी, म्हणून विशेषनामं. समास इतरेतर द्वंद्व. इथवर निभलं. पुढे 'माका नाका नाका'पाशी गाडी अडली. एकाने सुचवलं, माका म्हणजे केसांच्या तेलातला माका. तो नाकाला लावला, यमकासाठी 'ला' गाळला. दुसऱ्याच्या मते माका नावाच्या गावी चुंगी नाका असावा. जाता-येता दोन्हीकडून वसुली, म्हणून 'नाका' दोनदा. बाईंनी दोन्ही मतं गंभीर चेहऱ्याने फळ्यावर उतरवली.

तेवढ्यात नागपुरातल्या अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधून येणारा, मूळचा मडगावकडचा वर्गमित्र उभा राहिला. वर्षभरात तो आपणहून बोलल्याचं मला आठवत नाही. "बाई, माका नाका म्हणजे मला नको. आमच्या घरी रोज म्हणतात."

ज्याला आम्ही सगळ्यात निरर्थक ठरवलं, ते चांगलं चतुर्थीतलं सर्वनाम आणि ठणठणीत नकार निघालं! हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचे किती वादक असत, हे पुढे वाचलं तेव्हा तिथे कोकणी कशी पोचली याचं नवल उरलं नाही. गाणं 1957 च्या 'आशा'तलं, संगीत सी. रामचंद्रांचं. ते नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकले होते, असं बाईंनी सांगितलं आणि माझा गुन्हा निम्मा गावाच्या खात्यावर गेला.

मग बाईंनी विचारलं, ईनानंतर मीनाच का? आणि शेजारी लिहिलं: अडगुलं मडगुलं, अटक मटक, अक्कड बक्कड. पहिला शब्द स्वराने उघडतो, दुसऱ्याला ओठ मिटतात, म नाहीतर ब. पाणीबिणी, चहाबिहा त्याच घरातले. मी 'आपडी थापडी' काढून नियम मोडायला गेलो, तर म्हणाल्या, थापडी अर्थाचा शब्द आहे, थापेवरून आलेला. अर्थवाल्यांना हा नियम नाही. (हे उत्तर जरा सोयीचंच होतं, असं मला अजून वाटतं.) "आता 'ळीना' म्हणून बघ." जमेना. मराठी शब्द ळ ने सुरू होत नाही, तर बिनअर्थाचा तरी कसा होईल?

मैदानावर राज्य कुणावर हे ठरवायचं आमचं गाणं मात्र हिंदीच. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे वर्गात मराठी आणि खेळात 'अस्सी नब्बे पूरे सौ' यात कुणाला वावगं वाटत नसे. त्या तासानंतर मी ते गाणं वहीत मोजलं. 'अक्कड बक्कड'पासून 'चोर निकल के भागा'पर्यंत शब्द सोळा. शेवटच्या शब्दाला ज्याच्यावर बोट तो सुटला, पुढची मोजणी त्याच्या पुढच्यापासून. पाच जण असले आणि मी स्वतःपासून सुरुवात केली की सोळावं बोट माझ्यावरच येतं. मग पाचवा, मग दुसरा, मग चौथा. राज्य हमखास तिसऱ्यावर!

वर्ष संपेपर्यंत मोजायचा मान मी कुणाला दिला नाही. तिसऱ्या जागी बहुतेक वेळा तो अजनीचा मित्रच उभा असायचा. त्यानेही कधीतरी वहीत मोजलं असावं. एका संध्याकाळी मी बोट उचलण्याआधीच तो रिंगणाबाहेर सरकला. कोणत्या शब्दांत नकार दिला, ते सांगायला नको.