आजीची खळ

आज आजीचं वर्षश्राद्ध. पंचवटीतल्या घरी तिची पेटी उघडली. दाभण, मेण लावलेला दोरा, चपटा ब्रश. शाळेची लायब्ररी तिने एवढ्यावर सांभाळली.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावलेली तिला खपायची नाही. पट्टी पिवळी पडते, डिंक कागदात मुरतो आणि सोलताना अक्षरंही निघून येतात. १ वाटी मैद्याला ५ वाट्या पाणी घालून ती मंद आचेवर खळ शिजवायची, गुठळी न होऊ देता. शेवटी चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून. (मोरचूद विषारी. त्या भांड्याला स्वयंपाकघर कायमचं बंद!) खळ जास्त लागली की कागद सुरकुततो, म्हणून थर बारीक आणि वर रात्रभर पाटा.

श्रावणात भिंतींना ओल यायची. तेव्हा पुस्तकं भिंतीपासून चार बोटं पुढे, आणि उघडीप मिळाली की सावलीत उभी करून वाळवायची. थेट उन्हात पानं ठिसूळ होतात.

ड्यूई वर्गीकरणातला (विषयवार क्रमांक देण्याची पद्धत) ८९१.४६, म्हणजे मराठी साहित्याचं कपाट, सगळ्यात जास्त फाटायचं. तिला त्याचा आनंदच.

दाखल नोंदवहीत, म्हणजे लायब्ररीत आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवायच्या वहीत, मात्र खाडाखोड नाही. हरवलेल्या पुस्तकाचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. शेरा फक्त ‘गहाळ’. काही विद्यार्थी तिला त्या शेऱ्यांवरूनच आठवायचे.