पंथ उभा करणारा म्हातारा

ठाण्याहून तुर्भ्याला रोज ट्रान्स हार्बरने जाते, विंडो सीट मिळाली की मोबाइलवर चायनीज कल्टिव्हेशनच्या, म्हणजे साधना करत पायरी-पायरीने अमरत्वाकडे जाणाऱ्यांच्या गोष्टी सुरू. मला तलवारीवर उभं राहून उडणाऱ्या हीरोपेक्षा डबघाईला आलेल्या पंथाचा प्रमुख जास्त आवडतो. छप्पर गळतंय, चेले उरलेत सात-आठ, स्पिरिट स्टोन, म्हणजे त्या जगातलं चलन, संपत आलेत आणि शेजारच्या बड्या पंथाचा याच्या औषधी वाफ्यांवर डोळा. पण मग त्याला एखादी सिस्टिम, म्हणजे व्हिडिओ गेमसारखी बक्षिसं देणारी जादुई यंत्रणा मिळते, एका रात्रीत सगळं बदलतं आणि माझा रस तिथेच संपतो.

म्हणून मीच लिहायला घेतलीये, मराठीत. माझा प्रमुख साधनेच्या फाउंडेशन या पायरीलाच अडकलाय, गोल्डन कोअर ही पुढची पायरी गाठायची तर एका मोठ्या गोळीपुरतीच वनस्पती आहे, आणि तो तिच्यातून पोरांसाठी साध्या छोट्या गोळ्या करतो. गोळ्या बनवायच्या भट्टीला चीर गेलीये ती रोज रात्री माती नि भुसा कालवून बुजवतो. हे गोल्डन कोअर वगैरे मुळात ताओ परंपरेतल्या नेइदानमधून, म्हणजे शरीराच्या आत करायच्या किमयेच्या साधनेतून आलंय, तिथे शरीर हीच भट्टी, म्हणून ती भट्टी मला लिहिताना फार जपावीशी वाटते.

आणि खरे पंथ असेच वाढलेत. ताओ परंपरेतल्या छ्वानचेन पंथाचे संस्थापक वांग चोंगयांग 1170 मध्ये गेले तेव्हा मागे मुख्य शिष्य होते सात, त्यातलेच चिऊ छूजी 1222 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या वयात थेट चंगेज खानाला जाऊन भेटले, नंतर पंथाला करमाफी मिळाली. मधे बावन्न वर्षं गेली!

माझा प्रमुख मात्र आमच्या मल्लखांबाच्या सरांवरून आलाय. पावसाळ्यात क्लासला आम्ही पाचच पोरं यायचो, तरी सर आधी येऊन खांबाला एरंडेल चोळत बसलेले असायचे, हात कोपरापर्यंत तेलकट, आणि माझी पकड सुटली की काही न बोलता फक्त माझी टाच धरून अर्धा इंच वर सरकवायचे.

काल कोपरखैरणे येईपर्यंत एक सीन झाला. तीन वर्षं पहिल्याच पायरीवर रखडलेला पोरगा पहाटे धावत येतो, गुरुजी, दान्त्यानमध्ये, बेंबीच्या खाली, ऊब लागली, खरंच लागली! म्हातारा मातीचे हात धोतराला पुसतो, त्याची नाडी बघतो, बराच वेळ बघतो, आणि विचारतो, "रात्री जेवला होतास ना रे?"