आई, गार्शिन आणि बेडकी

आई आलीये तीन महिन्यांसाठी. मागच्या शनिवारी तिला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमला नेलं. माझं प्लॅनिंग एकदम कडक, आधी व्हॅन गॉग, मग मोने, मग खाली इजिप्तचं देऊळ. पण व्हॅन गॉगसमोर ही गर्दी, आणि बघतंय कोण, सगळे चित्राकडे पाठ करून उभे, एकाचा सेल्फी होईपर्यंत दुसरा तयार, एक बाई तर तीनदा लिपस्टिक लावून आली. (आपल्याकडचे लोक गणपतीसमोर सेल्फी काढतात म्हणून इथले मित्र हसतात, त्यांना एकदा आणून उभं करायला पाहिजे इथे.) माझी ही चिडचिड चालू असताना आई गायब.

सापडली ती दोन-तीन दालनं सोडून, एका माणसासमोर. म्हणाली, "ह्याला किती दिवस झोप नाहीये गं?"

काळी दाढी, पुढ्यात कागदांचा ढीग, आणि कुणीतरी हाक मारल्यावर मान वर करावी तसे बघणारे ते डोळे. आधीच ओलसर. जेमतेम तीन फूट उंच चित्र, पण मला हलताच येईना.

इल्या रेपिनने 1884 मध्ये काढलेला हा व्सेवोलोद गार्शिन. रेपिनला आपण रशियन चित्रकार म्हणूनच ओळखतो, मेटने मात्र 2023 मध्ये त्याला युक्रेनियन लिहायला सुरुवात केली, कारण जन्म आजच्या युक्रेनमधल्या चुहुइवचा. गार्शिन लेखक, तुर्कांविरुद्धच्या लढाईत जखमी झालेला, मनाच्या आजाराने पिचलेला. रेपिनचं ते इव्हान झार स्वतःच्याच मुलाला मारून कवटाळून बसल्याचं भयंकर चित्र आहे ना, त्यातल्या मरणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यासाठी रेपिनने ह्यालाच बसवलं होतं. 1888 मध्ये गार्शिनने जीव दिला. वय 33. आईला हे मी सांगितलं नाही, तिने चेहऱ्यावरूनच काय ते ओळखलं होतं.

खरं सांगायचं तर आमच्या साताऱ्याजवळ औंधला पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभं केलेलं म्युझियम आहे, रविवर्म्याची अस्सल चित्रं आहेत तिथे, आणि मी गेलेय फक्त एकदा, शाळेच्या सहलीला, त्यातलीही यमाईच्या पायऱ्या आणि भेळ तेवढी आठवते. पण तेव्हा वय काय होतं, आणि सर पुढे चला पुढे चला करत होते, सो माझी एकटीची चूक नाही.

परत येताना ट्रेनमध्ये आईला गार्शिनची एक गोष्ट सांगितली. एक बेडकी असते, दोन बदकं काठी चोचीत धरतात, ही मधे तोंडाने काठी पकडून दक्षिणेला निघते.

"अगं हे आपलं पंचतंत्रातलं कासव!" आई जवळजवळ ओरडलीच, समोरचा माणूस दचकला. "आपल्याकडूनच गेलंय सगळं."

"ऐक तर. खालचे लोक म्हणतात, कुणाची आयडिया ही? हिला राहवत नाही, ती ओरडते, माझी! आणि पडते. पण आपल्या कासवासारखी मरत नाही, एका डबक्यात पडते. मग तिथल्या बेडकांना सांगत बसते की बदकं माझीच आहेत, वसंतापर्यंत सुट्टी दिलीये त्यांना."

आई खिडकीबाहेर बघत हसायला लागली. म्हटलं काय झालं?

"काही नाही. तुझा ब्लॉग आठवला."