ट्रम्पेटवाल्याची अक्कलदाढ

ऐन लग्नसराईत बँडमधला एक ट्रम्पेटवादक माझ्याकडे आला. खालच्या उजव्या अक्कलदाढेची हिरडी वर्षभरात तिसऱ्यांदा सुजली होती, तोंडात दोन बोटंही जात नव्हती. आधी औषधांनी सूज उतरवली, मग ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला.

दाढ तिरकी अडकलेली. तिच्या मुळांवर काळपट पट्टा होता आणि जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या नसेच्या नळीची पांढरी रेघ नेमकी तिथेच तुटलेली. ही खूण दिसली की मी घाई करत नाही. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, केला. नळी मुळांना चिकटून, मध्ये हाडाचा पापुद्राही नाही.

ही नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्शाची जाणीव देते. ती दुखावली तरी ओठ हलतो, कारण हालचालीची नस वेगळी. पेशंटला धीर द्यायला एरवी मी हेच सांगतो. याला त्याचा काय उपयोग? माउथपीस ओठावर कुठे टेकलाय, हे त्याला कळायलाच हवं.

"डॉक्टर, ओठ गेला म्हंजे पोट गेलं," तो म्हणाला.

मी दुसरा मार्ग सुचवला, कोरोनेक्टॉमीचा: दाढेचा फक्त माथा कापायचा, मुळं तशीच ठेवायची. मात्र कापताना मुळं हलली तर काढावीच लागतात, आणि पुढे कधी ती वर सरकली किंवा तिथे पू झाला तर पुन्हा शस्त्रक्रिया. नवराबायको बराच वेळ आपसांत बोलले, मग सही झाली.

सकाळी अकराला भूल दिली. गालाच्या बाजूने बर, म्हणजे ड्रिलचं कापणारं टोक, चालवत दोन-तृतीयांशावर थांबलो. पलीकडे जिभेची नस असते. उरलेला भाग एलिव्हेटर, म्हणजे दात उचकटायचं हत्यार, हलकेच फिरवून तोडायचा. माझी खरी भीती या क्षणाची होती, कारण जोर जरा जास्त झाला की मुळं सुटतात. कट् आवाज झाला, माथा हातात आला. मुळांवर प्रोब दाबून पाहिला. घट्ट होती. हाडाच्या कडेखाली तीन मिलिमीटरपर्यंत घासून टाके घातले.

तो घरी जाईना. बाहेर बाकावर बसून ओठ चाचपत राहिला. भूल उतरायला चार तास लागतील, हे मी सांगितलं होतं, तरी दोन पेशंटांच्या मध्ये मीही दारातून डोकावून येत होतो. तीनच्या सुमारास तो आत आला.

"मुंग्या येतायत."

थोडं थांबून त्याला डोळे मिटायला लावले आणि कापसाचं टोक ओठाला, हनुवटीला लावत गेलो. प्रत्येक जागा त्याने बोटाने बरोबर दाखवली. मग खिशातून माउथपीस काढला.

"काही आठवडे फुंकायचं नाही हं," मी म्हणालो.

"फुंकत न्हाई. नुसता टेकवतो."