बंबाशेजारचं फूल

सातही खोक्यांवर मार्करने एकच शब्द लिहिलेला होता: ‘आफ्रिका’. अडीच वर्षांपूर्वी, एप्रिलच्या शेवटी, ती वाईच्या आमच्या नर्सरीत उतरली. मुंबईच्या एक बाई केप टाउनची किर्स्टनबॉश बाग बघून आल्या होत्या आणि पाचगणीच्या बंगल्यात त्यांना ‘तसंच’ हवं होतं. पुण्याच्या लँडस्केपवाल्याने नकाशा काढला, कंद हॉलंडहून मागवले. परवाना, क्वारंटाइन, सगळं रीतसर. माझ्याकडे फक्त लावायचं काम होतं.

आणि मला कंदांतलं कळतं, असं मी समजून होतो. वीस वर्षं ग्लॅडिओलस केलाय. उंच नाकाचा गड्डा चपट्यापेक्षा सरस, हे मी हात लावून अंधारातही सांगेन. दांडी कापताना खाली चार पानं राखली नाहीत तर पुढच्या वर्षी गड्डा पोसत नाही, हे मजुरांना दरवर्षी नव्याने सांगावं लागतं आणि दरवर्षी कुणीतरी घाईत बुडापासून कापतंच. काढलेले गड्डे तीन-चार अंशांवर तीन महिने कोल्ड स्टोरेजला ठेवले नाहीत तर ते जागे होत नाहीत. हे सगळं माझ्या अंगात मुरलेलं. ग्लॅडिओलसही मूळचा तिकडचाच. मग हे त्याचेच भाऊबंद, असं धरून चाललो.

तरी एक गोष्ट मी तपासली होती, आणि तीच अंगाशी आली. केप टाउनला पाऊस कधी पडतो? मे ते ऑगस्ट. आपला जून ते सप्टेंबर. जमलंच की! पहिल्या पावसाच्या तोंडावर, हळद लावतात तसे, मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळे कंद लावून टाकले. पाचशे फ्रीझिया, दोनशे इक्झिया आणि स्पॅरॅक्सिस मिळून, शंभर रंगीत कॅला, पन्नास युकोमिस, सहा नेरीन. वाफे उंच केले, वाळू आणि विटांचा चुरा घातला, गड्डे बाव्हिस्टीन या बुरशीनाशकात बुडवून लावले. वाफे तर इतके देखणे झाले होते की मी फोटो काढून ठेवले. ते अजून फोनमध्ये आहेत. पुसावेत असं दरवेळी वाटतं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात खुरपं घातलं. फ्रीझियाचा गड्डा बोटांत धरला तर साल हातात राहिली आणि आतला पांढरा लगदा मनगटावरून ओघळला. कुजक्या बटाट्याचा वास. एका ओळीत चाळीस गड्डे उकरले, त्यातले तीन कडक निघाले. इक्झियाची तर नुसती जाळीदार टरफलं उरली होती. आणि शेजारच्याच वाफ्यात कॅला आणि युकोमिस मात्र पाणी पिऊन तट्ट, युकोमिसची पानं हातभर लांब पसरलेली. एकाच लॉटमधले, एकाच देशातले, एकाच दिवशी लावलेले.

त्या रात्री मी जे वाचायला बसलो ते एप्रिलमध्ये वाचायला हवं होतं. दक्षिण आफ्रिकेत पावसाचे दोन संसार आहेत. नैऋत्येच्या केपकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. जून-जुलै हा तिकडचा हिवाळा, दिवसा अठरा अंश, रात्री सात-आठ. फ्रीझिया, इक्झिया, स्पॅरॅक्सिस त्या गारव्यात वाढतात आणि कोरड्या कडक उन्हाळ्यात जमिनीखाली झोपतात. पूर्वेकडे, ड्रॅकेन्सबर्गच्या डोंगररांगेच्या बाजूला, पाऊस उन्हाळ्यात येतो. युकोमिस आणि रंगीत कॅला तिकडचे, म्हणून त्यांना आपला पावसाळा माहेरासारखा. आपल्या शेतातल्या ग्लॅडिओलसच्या रक्तातही बराचसा वाटा याच उन्हाळी पावसाच्या जातींचा आहे. वीस वर्षांचा माझा अनुभव खरा होता, पण निम्म्याच देशाचा.

म्हणजे पावसाचा महिना मी जुळवला आणि ऋतू विसरलो. शिवाय केप टाउनला जूनभरात जेवढा पाऊस होतो, तेवढा पाचगणीला जुलैत कधी एका दिवसात होतो, तोही विशीच्या वरच्या उबेत आणि धुक्यात. फ्रीझियाला कळी धरायला मातीचा गारवा पंधरा अंशांच्या आसपास तरी लागतो, तोही काही आठवडे सलग. ते लावायचे होते ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, आणि तोवर कोरडे, उबेला ठेवायचे होते. लँडस्केपवाल्याला फोन केला तर म्हणाला, “सप्लायरने लेबलवर लिहायला पाहिजे होतं.” नकाशात त्याने सगळे कंद रंगानुसार मांडले होते.

आता नेरीन. सहांपैकी पाच मी स्वतः वाफ्यात लावले, पाचही गेले. सहाव्याची बाहेरची साल सुटलेली होती, मान थोडी मऊ लागत होती. बंगल्याच्या माळीमामांना म्हणालो, टाकून द्या. मामांनी टाकला नाही. मागच्या पडवीत आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब आहे, त्याच्या बाजूला एक रिकामी कुंडी होती, तिच्यात कोरड्या मातीत खोवून ठेवला. पाणी घातलं नाही. पावसाळाभर बंब सकाळ-संध्याकाळ पेटत होता. भिंत कोमट, माती सुकी.

ऑक्टोबरात मामांचा फोन. “साहेब, तुमच्या कांद्याला फूल आलंय. पान नाही, नुसता दांडा.”

मी गेलो. वीतभराहून थोडा उंच दांडा, वर दहा-बारा फुलांचा गुच्छ, पाकळ्या मागे वळलेल्या, पुंकेसर बाहेर झेपावलेले. लाल, पण झेंडूसारखा लाल नव्हे. मामांनी कुंडी उचलून अंगणात उन्हात ठेवली आणि पाकळ्यांवर सोन्याचा कीस भुरभुरल्यासारखं चमकायला लागलं. बोट फिरवून पाहिलं, बोटाला काही लागलं नाही. ती चमक पाकळीच्या आतच असते. केप टाउनच्या टेबल माउंटनवरचं हे फूल पावसाळ्यात पाचगणीला जगण्याचं काही कारण नव्हतं. फक्त त्या बंबाशेजारी चार महिने केपचा उन्हाळा चालू होता.

दिवाळीला बाई आल्या. आठशेच्या वर कंदांपैकी सातशेच्या आसपास गेलेले, आणि टेबलावर एक फूल. त्यांनी विचारलं, हे कसं जमवलंत? मी म्हणालो, “या जातीला कोरडी, उबदार विश्रांती लागते. ती आम्ही दिली.” मामा तिथेच पाईप गुंडाळत होते. काही बोलले नाहीत. माझं बिल पूर्ण निघालं. मामा गेटपर्यंत सोडायला आले तेव्हा मात्र म्हणाले, “बंबाला जळण माझंच होतं हो.”

नंतर मी त्यांना विचारलं, तुम्ही कंद का ठेवला? काहीतरी मोठं उत्तर मिळेल अशी आशा होती. “कुंडी रिकामी होती,” ते म्हणाले.

लँडस्केपवाल्याने याचंही सोनं केलं. केपमध्ये सिरटँथस या कंदाची एक जात आहे, फायर लिली म्हणतात तिला. वणव्यानंतरच फुलते, दोनेक आठवड्यांत, आणि आगीशिवाय नुसत्या धुरानेही फुलवता येते हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. हे मीच त्याला चहा पिताना सांगितलं. आता तो गिऱ्हाइकांना ‘स्मोक ट्रीटमेंट’ सुचवतो. नेरीनचा धुराशी काही संबंध नाही, असं मी दोनदा सांगून पाहिलं.

पण खरी टोचणी वेगळीच आहे. नेरीनच्या मोठ्या कंदात एका वेळी दोन वर्षांच्या कळ्या तयार असतात. फूल उमलायच्या जवळजवळ दोन वर्षं आधी त्याची सुरुवात आत झालेली असते. म्हणजे ज्या फुलाचं श्रेय मी मामांच्या देखत खाल्लं, ते मामांचंही नव्हतं. हॉलंडच्या कुठल्यातरी काचघरातल्या माळ्याने ते भरून पाठवलं होतं. बंबाने फक्त ते कुजू दिलं नाही. दुसऱ्या वर्षीचं फूलही त्याच शिदोरीतलं.

यंदाचं आमचं. ऑक्टोबर ते मार्च पाणी आम्ही घातलं, नत्र कमी ठेवलं, एप्रिलमध्ये पानं पिवळी पडली तशी कुंडी बंबाजवळ नेली. आतली कळी धरली असेल तर पाचगणीतच धरलेली असेल. गेले दहा दिवस काही ना काही निमित्त काढून मी घाट चढतोय. काल कंदाच्या मानेत टोक दिसलं. चपटं असेल तर पान, फुगीर आणि तांबूस असेल तर फूल. चष्मा लावून बघितलं, मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं. मामा म्हणाले, “उगाच उजेड मारू नका, बघू रविवारी.”