बीयू २०८ आहे का?

जुन्या टीव्हीचं अर्धं दुखणं कंडेन्सरमध्ये असतं आणि उरलेलं मालकाच्या ‘पार्ट ओरिजिनलच पाहिजे’ या हट्टात. ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला गेल्या की पोटमाळ्यावरून शटरवाले लाकडी सेट खाली येतात. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी; त्यानंतर हप्त्या-हप्त्यांनी घेतलेले हे ब्लॅक अँड व्हाइट. बहुतेकांच्या कंपन्या बुडाल्या, सर्व्हिस सेंटरं बंद पडली. आता पार्ट मागायचा तरी कुणाकडे? मग पर्याय शोधायचे.

काही जागी सेट फार दिलदार असतो. जुन्या सर्किटमध्ये ८, २५, ५० मायक्रोफॅरडचे कंडेन्सर दिसतात, दुकानात मिळतात १०, २२, ४७. खुशाल लावावेत. मूळचे तरी छापलेल्या आकड्याला कुठे जागत होते? व्होल्टेज मात्र तेवढंच किंवा वरचं हवं. पॉवर सप्लायमधल्या बीवाय १२७ डायोडच्या जागी १एन४००७ बसतो. पहिला १२५० व्होल्टचा, दुसरा १०००चा, म्हणून कुणी नाक मुरडतं. पण २३० व्होल्टच्या मेन्सवर डायोडला उलटा दाब, म्हणजे व्होल्टेज, साधारण ६५० सोसावा लागतो, तेव्हा हजार पुरे. बीसी १४८ ट्रान्झिस्टरऐवजी बीसी ५४८ चालतो, फक्त पायांचा क्रम ताडून पाहावा. नावात एका आकड्याचा फरक आहे म्हणून पायही तसेच असतील, असं समजू नये.

व्हॉल्व्हवाल्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या सेटची तऱ्हा वेगळी. पीसीएल ८२ आणि ईसीएल ८२ आतून सख्खी भावंडं, फरक फिलॅमेंटचा, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचा. ‘पी’वाला १६ व्होल्ट आणि ३०० मिलीअँपिअरचा, ‘ई’वाला ६.३ व्होल्टचा. टीव्हीत सगळे व्हॉल्व्ह एका माळेत, सिरीजमध्ये असतात, प्रत्येकातून तोच ३०० मिलीअँपिअर जायचा. तिथे ईसीएल खोचला तर तो अर्धपोटी राहतो, नीट तापतच नाही. ऑडिओवाल्या मित्राने प्रेमाने दिला असला तरी परत करावा.

लाइन आउटपुटपाशी, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या रेघा ओढणाऱ्या भागापाशी आलं की दिलदारपणा संपतो. यालाच हॉरिझॉन्टल आउटपुटही म्हणतात. त्याचा ट्रान्झिस्टर बीयू २०८ लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, मागितला, की काउंटरवरचा पोरगा मान वर न करता ‘बंद झाला’ म्हणतो. मागे बसलेले शेठ तेवढे विचारतात, “कुठला सेट?” आणि बीयू ५०८ पुढे ठेवतात. स्थळ चांगलं आहे: तोच १५०० व्होल्ट, करंट उलट जास्तच. पण जुना धातूच्या टोपीचा, दोन पायांचा, ज्याचं अंगच कलेक्टर. नवा प्लास्टिकचा, तीन पायांचा. हीटसिंकला नवं भोक पाडा, अभ्रकाचा तुकडा ठेवा, वायरी फिरवा. शिवाय नावाच्या शेवटी ‘डी’ असेल तर डॅम्पर डायोड आतच असतो. सर्किटमध्ये तो बाहेर दिलेला असेल, तर मी विना-डी मागून घेतो.

त्याच्या शेजारचा ट्यूनिंग कंडेन्सर दिसायला किरकोळ, पण इथे ‘जवळपास’ चालत नाही. व्हॅल्यू कमी पडली की फ्लायबॅकचा, म्हणजे रेघ संपून किरण परतताना उठणारा, पल्स चढतो, पिक्चर ट्यूबचा दाब वाढतो आणि ट्रान्झिस्टर उडतो. तोही नवा आणलेला. फ्युजिबल रेझिस्टरचंही तसंच: करंट वाढला की तो जळावा म्हणूनच लावलेला असतो. तिथे साधा दणकट रेझिस्टर ठोकणाऱ्या मेकॅनिकला मी चहा पाजीन, सेट देणार नाही.

ईएचटीला, म्हणजे पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणाऱ्या लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरला, मात्र खरोखर तोड नाही. ठाण्याच्या खाडीची दमट हवा त्याच्या इन्सुलेशनच्या भेगांत शिरते आणि अंधारात निळी ठिणगी चटचटते. मॉडेलगणिक त्याचं वाइंडिंग वेगळं, पिना वेगळ्या. त्यासाठी दुसरा मेलेला सेटच घ्यावा लागतो. कळव्याचा एक भंगारवाला असे सेट माझ्यासाठी बाजूला ठेवतो. तांबं त्याचं, बाकी माझं, असा आमचा करार.

एवढं करून पडदा उजळला तरी त्यावर दाखवायचं काय? अँटेनाला आता येतंय काय! सेट-टॉप बॉक्समधून निघतो एव्ही सिग्नल, सेटला मागे फक्त अँटेनाचं सॉकेट. एव्हीचा अँटेनाजोगा सिग्नल करणारा व्हीसीआरचा मॉड्युलेटर वापरावा तर तो बहुधा यूएचएफवर, म्हणजे वरच्या चॅनलपट्ट्यावर, आणि आमचा ट्यूनर निव्वळ खालच्या पट्ट्याचा, व्हीएचएफ. उत्तर पुन्हा भंगारातच सापडलं. केबल डिजिटल झाल्यावर केबलवाल्यांच्या कंट्रोल रूममधले व्हीएचएफ मॉड्युलेटर किलोच्या भावाने निघाले होते, त्यातले काही मी उचलले. भंगारवाल्याने पैसे मोजता मोजता विचारलं, “साहेब, या वयात केबलचा धंदा?”